मी बेशुद्ध नव्हते

पडाव उलटला तेव्हा आगबोटीच्या शिडीवर उभे असलेले खलाशी आम्हांला स्पष्ट दिसत होते. इतक्या जवळ आलो होतो आम्ही.

त्या काळी रत्नागिरीला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावात भरून तिच्यापर्यंत न्यायचे. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. हे मुंबईत एका कचेरीत नोकरीला होते, गिरगावात खोली मिळाली होती, म्हणून सासूबाई मला पोहोचवायला निघाल्या होत्या. मामंजी बंदरापर्यंत आले आणि छत्री टेकून वाळूत उभे राहिले.

पडावात दाटी होती. गावातले एक बडे वकील आपल्या ट्रंकेवर बसले होते. एक नवी नवरी होती, गळ्यात पुतळ्यांची माळ, सारखी पदराखाली हात घालून ती चाचपून पाहणारी. आणि आमच्या परसदारी मासळी घेऊन येणारी खारवीण होती. मिरकरवाड्याची. तिच्या लेकीचं मुंबईत पहिलं बाळंतपण होतं, त्यासाठी निघाली होती. सासूबाईंना बघून हसली आणि म्हणाली, "आज टोपली नाय, आज मी पन उतारू!"

शिडी जवळ आली तसे सगळे एकदम उठले. पडाव हाकणारा तांडेल ओरडत होता, "बसा, बसा खाली!" पण जो तो आपलं सामान उचलून त्याच बाजूला लोटत होता. खालून एक लाट आली. मोठी नव्हती. पण पडाव कलला तो पुन्हा सावरलाच नाही.

माझं माहेर गुहागरचं. भावांच्या बरोबरीने आमच्या विहिरीत मी पाठीला सुके नारळ बांधून पोहायला शिकले होते. न्हाण आल्यावर ते बंद झालं, पण पाण्याची ओळख अंगातून जात नाही. मी वर आले, खारं पाणी थुंकलं आणि पदर ओढून कमरेला घट्ट खोचला. नऊवारी भिजली की धोंड्यासारखी होते. सासूबाईंना हाक मारणार तोच मागून कोणीतरी माझ्या गळ्याला मिठी मारली. ते वकील होते. त्यांना पोहता येत नव्हतं आणि ते माझ्या खांद्यावर चढून वर यायला बघत होते. मी खाली जायला लागले.

माझा थोरला भाऊ सांगायचा, बुडणाऱ्याने धरलं तर वर यायला झटू नको, आणखी खाली जा, तो आपोआप सोडतो. मी खाली गेले. त्यांनी गळा सोडला, पण मनगट धरलं, आणि नखं अशी रुतवली की पाण्यातसुद्धा मला चटका बसला. वर येऊन मी त्यांची शेंडी धरली आणि त्यांना पालथ्या पडावाकडे ओढत नेलं. "फळी धरा, धरा फळी!" म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. परक्या पुरुषाशी एवढ्या मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

मग ती नवरी दिसली. तिला पडावापाशी आणली तेव्हा ती घाबरून स्वतःचाच गळा दोन्ही हातांनी आवळत होती. तिच्या मुठीत माळेचा दोरा तुटला. पिवळ्या पुतळ्या तिच्या बोटांतून निसटून पाण्यात गेल्या, त्या जाताना मी पाहिल्या. पलीकडे खारविणीने सासूबाईंना कमरेला धरून उचलून ठेवलं होतं. "माझा गळा धरू नको बाय, पडाव धर," एवढं एकच ती शांतपणे परत परत सांगत होती. मिरकरवाड्याच्या होड्या येईपर्यंत तिने सासूबाईंना सोडलं नाही.

एक म्हातारे गृहस्थ सापडले नाहीत. बाकी सगळे वाचले. आमचं मुंबईला जाणं लांबलं आणि आम्ही घरी परतलो.

आमच्याकडे गावचं साप्ताहिक यायचं. ते ओटीवर यायचं आणि ओटीवरच राहायचं. मामंजी वाचत, शेजारचे दोघेतिघे ऐकायला येत, राजकारण चालायचं, बाजारभाव चालायचे. आत यायचं ते शिळं झाल्यावर, डब्यांच्या तळाशी घालायला. पण त्या आठवड्याला मामंजींनी ते मुद्दाम मोठ्याने वाचलं, आत आम्हांला ऐकू जावं म्हणून.

अपघाताची हकीकत होती. वकीलसाहेबांनी प्रसंगावधान राखलं होतं. त्यांनी घाबरलेल्या स्त्रियांना धीर दिला होता. येथील एका प्रतिष्ठित गृहस्थांची सून भीतीने बेशुद्ध पडली होती, तिला त्यांनी आधार देऊन पडावापाशी आणलं होतं.

मी चुलीपुढे होते. हातातली पळी तशीच राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

खाली आणखी चार ओळी होत्या. त्या धांदलीत काही खारविणींनी उतारूंच्या अंगावरचे जिन्नस काढून घेतल्याचं बोललं जातं, पोलिसांनी लक्ष घालावं. मामंजींनी तेही त्याच आवाजात वाचलं.

दोन दिवसांनी दुपारी परसदारी खारविणीची जाऊ आली. टोपली नव्हती. धापा टाकत होती.

"वयनी, तिला फौजदारान नेली," ती म्हणाली. "माळ चोरली म्हणतात. पेपरात आलाय म्हणतात. त्या पोरीच्या सासरच्यांनी फिर्याद केलीन. तू व्हतीस ना थय? तू बघितलंस ना?"

"ती पोर काय सांगते?"

"तिला ताप भरलाय. सासराच बोलतो तिच्या वाटचा."

मी हात पुसले. पुतळ्या पाण्यात जाताना पाहिलेली मी एकटीच होते, ती नवरी सोडून. सासूबाई म्हणाल्या, "थांब. आधी इकडे विचारायला हवं."

पण मामंजींना विचारायच्या आधीच ओटीवर वकील आले. मी दाराआड उभी राहिले. अपघातानंतर मी त्यांना प्रथमच पाहत होते. अंगावर शाल होती आणि आवाज खाली.

"तुमच्या सुनेला साक्षीला बोलावतील असं कानावर आलं," ते मामंजींना म्हणाले. "मला वाटतं, नाही म्हणून सांगावं. छापलं आहे तेच बरं आहे. संपादकांना मीच तसं सांगितलं. तुमच्याच घराचा विचार करून."

"म्हणजे कसं?" मामंजींनी विचारलं.

"म्हणजे असं बघा. आपला पेपर कोण वाचतं? आपणच. कचेरीतले, कोर्टाच्या बाररूममधले वकील, पेठेतले. त्यांच्यापुढे काय यायला हवं होतं? तुमच्या घरची सून पदर खोचून पाण्यात परपुरुषाला ओढत होती, हे? बेशुद्ध होती म्हटलं की प्रश्न मिटला. बेशुद्ध बाईला कोणी नाव ठेवत नाही."

मामंजी म्हणाले, "उपकार झाले."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. त्याला खरोखरच वाटत होतं की त्याने मला वाचवलं.

वकील गेल्यावर मामंजी आत आले. दारातूनच म्हणाले, "कोणी कुठे जायचं नाही. बायका कचेरीत गेल्या तर उद्या तेही छापून येईल."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मामंजींना उलट उत्तर दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं, मी तर नाहीच.

"मला कोणी वाचवलं, ठाऊक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"देवाने."

"देवाने तिला पाठवली, आणि आता ती तिथे बसली आहे." त्यांनी खुंटीवरची शाल घेतली. "मी जाऊन येते. सूनही येईल माझ्याबरोबर."

"मी बरोबर येणार नाही," मामंजी म्हणाले.

"नका येऊ. ओटीवर बसा."

भर दुपारी आम्ही दोघी रस्त्याने निघालो. सावलीला बसलेले लोक उठून बघत होते. सासूबाई पुढे, मी मागे. त्या एवढ्या भरभर चालत होत्या की मला त्यांना गाठायला पावलं उचलावी लागत होती. वाटेत एकदाच थांबल्या आणि म्हणाल्या, "घाबरलीस का ग?"

"हो."

"मीही," असं म्हणून त्या पुन्हा चालू लागल्या.

फौजदार वयाने बेताचे होते. आम्हांला पाहून खुर्चीवरून उठले, बसायला बाक पुढे करवलं. कोपऱ्यात खारवीण जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

मी जे पाहिलं ते सांगितलं. नवरीच्या मुठीत दोरा कसा तुटला, पुतळ्या कशा गेल्या, तेव्हा मी कुठे होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलावरचं साप्ताहिक उचललं. घडी घालून ती हकीकत वर करून ठेवलेली होती.

"पण बाई, तुम्ही तर बेशुद्ध होता."

"मी बेशुद्ध नव्हते."

"छापलंय इथे."

"छापणारे तिथे नव्हते."

"वकीलसाहेब होते. त्यांच्याच तोंडची माहिती आहे. ते खोटं सांगतील असं तुमचं म्हणणं आहे का?"

हो म्हटलं तर गावातल्या सर्वांत मोठ्या वकिलाला खोटं पाडल्यासारखं होतं. नाही म्हटलं तर मी उठून घरी जायला मोकळी होते आणि ती कोपऱ्यातली बाई तिथेच राहणार होती. कारकुनाने टाक उचलून धरला होता.

मी डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगटावर नखांच्या खपल्या अजून होत्या, चंद्रकोरीसारख्या, चार एका ओळीत आणि एक खाली.

"वकीलसाहेबांविषयी बोलायला मी आलेली नाही," मी म्हटलं. "पण मी शुद्धीवर होते की नव्हते एवढंच ठरवायचं असेल तर हा हात बघा. बेशुद्ध माणसाला कोणी असं धरून राहत नाही. आणि धरलं तर दोघंही तळाला जातात."

फौजदारांनी हात पाहिला. मग सासूबाई म्हणाल्या, "मला विचारा की."

"आपण?"

"मी पण पडावात होते. मला पेपरात घातलंच नाही, तेव्हा मी बेशुद्ध होते असं तर कोणी म्हणू शकत नाही." त्यांनी खारविणीकडे बोट केलं. "पडाव उलटला तेव्हापासून होडी येईपर्यंत ह्या बाईने मला धरून ठेवलं. एका हाताने मला, दुसऱ्या हाताने पडावाला. माळ काढायला तिला तिसरा हात होता का, ते आधी सांगा मला."

कारकून खाली मान घालून हसला. फौजदार हसले नाहीत. त्यांनी नवरीच्या घरी माणूस पाठवला आणि सासऱ्याला न विचारता तिलाच विचारून ये म्हणून बजावलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. बाहेरून माणसं डोकावत होती. एक जण तर दारात येऊन फौजदारांना वेळ विचारून आमच्याकडे पाहत उभा राहिला. सासूबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता. नवरीकडे पाठवलेला माणूस परत यायला किती वेळ लागला सांगता येत नाही, पण मला तो पडावाजवळच्या वेळापेक्षा मोठा वाटला. तिथे निदान हातपाय हलवता येत होते.

शेवटी तो आला. नवरी अंथरुणातच होती. दोरा आपल्याच हातून तुटला, पण हे सासरी बोलायची भीती वाटली, असं ती रडत म्हणाली होती.

खारविणीला सोडलं. बाहेर आल्यावर ती सासूबाईंच्या पाया पडायला वाकली, तर सासूबाईंनी तिला धरून उभी केली. ती म्हणाली, "आई, माझी बोट गेली ग." त्या सगळ्या गडबडीत मुंबईची पुढची बोटही सुटून गेली होती. लेक तिच्यावाचूनच बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप असल्याचा निरोप आला, पण पहिल्या बाळंतपणाला आई नव्हती ती नव्हतीच.

मामंजी त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसत, वाढ म्हणायच्या ऐवजी ताट पुढे सरकवत. साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात चूक झाली असं कुठेही आलं नाही. अगदी खाली, बाजारभावांच्या वर, संशयित खारविणीस पुराव्याअभावी सोडण्यात आलं एवढंच होतं. आणि तिचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट. मी 'एका गृहस्थांची सून' होते, नवरी 'एक नवविवाहिता' होती. आमची अब्रू म्हणून आमची नावं झाकली होती. तिचं नाव मात्र ठळक.

पुराव्याअभावी म्हणजे काय हे पेठेतल्या लोकांना बरोबर कळलं. घराघराची मागची दारं तिला बंद झाली. "आज नको," म्हणायचे. उद्याही नको. मग एका सकाळी सासूबाई पुढच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि ती रस्त्याने जात होती तिला मोठ्याने हाक मारली. ओटीवर मामंजी पेपर वाचत बसलेले, शेजारी दोघं गृहस्थ. त्यांच्या देखत सासूबाईंनी टोपली पायरीवर उतरवून घेतली, खाली बसून एक एक बांगडा दाबून बघितला, नेहमीसारखी घासाघीस केली आणि म्हणाल्या, "उद्या इथूनच ये." मामंजींनी पेपर तोंडापुढे धरला तो ती जाईपर्यंत खाली घेतला नाही. हळूहळू दोनचार घरं उघडली. सगळी नाही उघडली.

माजघरात आमचं एक मासिक यायचं, बायकांसाठी काढलेलं. त्यात पाकक्रिया असत, भरतकामाचे नमुने, आणि दर अंकात एखादी आदर्श गृहिणी. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, दुपारी मी वाचून दाखवायची. अपघाताची बातमी फिरत फिरत त्यांच्यापर्यंतही गेली असावी. त्या महिन्याला मी सहज पान उलटलं आणि वाचता वाचता थबकले. कोकणातल्या एका सुनेने पतीचं स्मरण करून समुद्रात उडी घेतली होती आणि आपल्या वृद्ध सासूला वाचवलं होतं. सासूसेवेचं हे तेज आजच्या शिकलेल्या मुलींनी घ्यावं, असं खाली होतं.

"पुढे वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी वाचलं. त्या ऐकत राहिल्या.

"मला तू वाचवलंस होय?"

"असं म्हणतायत."

"आणि ती कुठे गेली?"

ती त्यात नव्हतीच. वकीलही नव्हते, नवरी नव्हती. पाण्यात फक्त सून आणि सासू होत्या. सासूबाईंनी मासिक माझ्या हातातून घेतलं, न वाचता येणारं ते पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पुरुषांच्या पेपरात तू बुडतेस नि आमच्यात तू तरतेस. पण दोन्हीकडे तिला बुडवलीच की ग."

हे आले ते त्याच सुमारास, न कळवता. हातपाय धुतले, आईला नमस्कार केला, पण माझ्याकडे बघत नव्हते. खिशात मुंबईच्या एका दैनिकाचा तुकडा होता. तो त्यांनी माझ्यापुढे टाकला. त्यात मी वीरांगना होते. आणि भिजलेली होते. वस्त्रं अंगाला चिकटलेली, केस मोकळे, सागरातून वर येणारी जणू अप्सरा, असं बरंच काही होतं. लिहिणाऱ्याने आमचा किनारासुद्धा पाहिला नसेल.

"कचेरीत हे हातोहात फिरलं," ते म्हणाले. "चाळीत मोठ्याने वाचलं. ती माझीच बायको हे कळल्यावर एकाने परत वाचलं, माझ्या तोंडावर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मला कुठे ठाऊक होतं काय झालं ते? बाबांनी कळवलं, तू बेशुद्ध होतीस. पेपरात हे. कोणतं खरं धरू?" त्यांचा आवाज चढला आणि एकदम बसला. "तू सांग ना. काय झालं?"

इतक्या दिवसांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. फौजदारांनीसुद्धा माळेपुरतंच विचारलं होतं. मी मागल्या दारी पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तांडेल ओरडला तिथपासून. वकिलांची शेंडी धरली ते सांगताना त्यांच्या कपाळाला आठी पडली, तरीही सांगितलं. मध्ये ते उठून माडापर्यंत जाऊन आले. परत बसले. "मग?" म्हणाले. मी पुढे सांगितलं.

सांगून झाल्यावर त्यांनी मला शाबासकी वगैरे दिली नाही. "बरं झालं तू होतीस," एवढंच, तेही आईकडे बघत. मला तेवढं त्या वेळी कमी वाटलं, खोटं कशाला सांगू. पण रात्री जेवताना मामंजींच्या समोर ते म्हणाले, "बाबा, ती बेशुद्ध नव्हती." मामंजी भात कालवत होते. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि कालवतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते आम्हां दोघींशी पुन्हा बोलायला लागले, काही झालंच नाही असं.

मुंबईला परत गेल्यावर ह्यांनी चाळीत खरी हकीकत सांगून पाहिली. कोणी मानली नाही. पेपरात वेगळं आलंय, तुम्हांला घरच्यांनी काय सांगितलं असेल ते असेल, असं लोक म्हणाले. मग त्यांनी सांगणं सोडून दिलं.

मी नाही सोडलं. विहिरीवर, हळदीकुंकवाला, पुढे गिरगावात नळाशी, जी बाई विचारील तिला मी सगळं सांगत आले, आणि खारविणीचं नाव घेऊन सांगत आले. ही आठवण लिहायची ठरवली तेव्हा मात्र तिच्याकडे मुद्दाम निरोप पाठवला, नाव घालू का म्हणून. ती तेव्हा फार थकली होती. तिने उलट सांगून पाठवलं, "एकदा छापून आलाय तेवढा पुरे. आता तोंडानंच घेत जा."